मलबारी सागाची एक्कावन्न वर्षे

मुंबईच्या गोदीचा इतिहास सांगायचा म्हणजे जहाजे पाण्यात उतरल्याच्या तारखा सांगायच्या, अशी एक रीत पडून गेली आहे. १८१० साली ‘मिंडेन’, १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ साली ‘वेलस्ली’, १८१७ साली ‘मेलव्हिल’ आणि ‘त्रिंकोमाली’, १८१८ साली ‘मलबार’, १८२१ साली ‘गँजिस’, १८२४ साली ‘एशिया’. यादी अभिमानाची आहे, यात शंका नाही. पण जहाज बंदराबाहेर पडले की आपला मजकूर संपतो आणि पुढचे सारे इंग्लंडच्या आरमाराचे, असे आपण धरून चालतो. गोदीच्या सुतारांवर हा अन्याय आहे. त्यांच्या हाताची खरी परीक्षा लढाईत झाली त्याहून कितीतरी जास्त म्हातारपणी झाली. तोफा उतरल्या, शिडे गेली, आणि जहाज कुठल्याशा परक्या बंदरात नांगरून दवाखाना, कोठार किंवा कोळशाची वखार म्हणून वर्षानुवर्षे उभे राहिले, तेव्हा झाली. म्हणून या स्मरणिकेत गोदीचा इतिहास एका जहाजाच्या हाताने सांगायचा आहे आणि तो त्याच्या अखेरच्या नेमणुकीपर्यंत न्यायचा आहे. ते जहाज म्हणजे ‘मिंडेन’.

गिरगावातल्या फणसवाडीच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटण्याचे कारण नाही. वाडीतून बाहेर पडून धोबीतलावाच्या दिशेने चालू लागले की प्रिन्सेस स्ट्रीटच्या नाक्याजवळ वाडियाजी आतश बेहराम लागते. १८३० साली ते उभारले होर्मसजी बोमनजी वाडियांच्या मुलांनी. होर्मसजी हे ‘मिंडेन’ बांधणाऱ्या जमशेटजींचे भाऊ. तिथून पुढे काळा घोड्याजवळच्या रोप वॉक लेनमध्ये शिरलात, तर जिथे एके काळी जहाजांचे दोर वळले जात त्या जागेचे नाव अजून पाटीवर आहे. आणखी थोडे चालले की लायन गेट, आणि आत गोदी. पाऊण तासाची वाट आहे. ‘मिंडेन’ बांधले जात होते तेव्हा या वाटेच्या मध्ये कोटाची तटबंदी होती आणि गिरगाव तटाबाहेरचे, नारळी-फणसांच्या वाड्यांचे. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर तटाबाहेरची वस्ती झपाट्याने वाढली. आपल्या वाड्यांच्या आणि गोदीच्या भरभराटीचा काळ असा एकच आहे.

गोदीची सुरुवात १७३५ ची. त्या आधी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरतेला बांधली जात. सुरतेचा कारभार डळमळू लागला होता, आणि इकडे कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीची झोप उडवली होती. आंग्र्यांपाशी विजयदुर्गाजवळच्या खाडीत स्वतःची गोदी होती. मुंबईला तसे काही नव्हते. तेव्हा सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे सुतारांचे नायक थोडे कारागीर घेऊन मुंबईत आले. १७५० साली पहिली सुकी गोदी बांधून झाली, १७६२ आणि १७६५ मध्ये तिला लागून आणखी दोन. तिन्ही एका ओळीत, प्रत्येकीला स्वतंत्र दार. १७७५ मध्ये अब्राहम पार्सन्स नावाचा इंग्रज प्रवासी इथे आला होता. ही सुकी गोदी पाहून तो थक्क झाला. दोर वळण्याची इथली जागा इंग्लंडमधल्या कुठल्याही जागेच्या तोडीची आहे, फक्त पोर्ट्समथची राजाच्या गोदीतली तेवढी तिच्यावर ताण करील, असे त्याने लिहून ठेवले.

लवजी १७७४ मध्ये वारले. घराण्याचा शिरस्ता असा की मुलाने हातात वाकस-करवत घेऊन साध्या सुताराच्या कामापासून सुरुवात करायची. नातू जमशेटजी बोमनजी असेच वर चढले आणि १७९२ मध्ये मुख्य बांधणीकार झाले. पुढची २९ वर्षे ही गोदीच्या इतिहासातली सर्वांत भरघोस वर्षे.

इंग्लंडला त्या वेळी ओकचे लाकूड पुरेनासे झाले होते. नेपोलियनशी युद्ध चालू, जहाजे हवीत, आणि ओकचे झाड वाढायला शंभर वर्षे. मलबारचा साग मात्र मुबलक दिसत होता. सागाचा गुण नुसत्या टणकपणात नाही. ओकच्या अंगात जे आम्ल असते ते लोखंडी खिळे आणि पट्ट्या खाऊन टाकते, आणि खिळा सैल झाला की फळी सैल होते. सागात तेल असते. त्यात खिळा राखला जातो आणि वाळवी, बुरशीही सहसा जवळ येत नाहीत. जमशेटजींचे ‘सालसेट’ हे १८०५ चे जहाज १८०८-०९ च्या हिवाळ्यात बाल्टिक समुद्राच्या बर्फात आठवडेच्या आठवडे अडकून पडले आणि तरी धडधाकट बाहेर आले. लंडनच्या अधिकाऱ्यांना मुंबईच्या सागाबद्दल यापेक्षा मोठी शिफारस नको होती.

या सागाची किंमत कुणी मोजली, तेही इथे नोंदवले पाहिजे. जहाजांसाठी लाकूड कमी पडू नये म्हणून १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्याला मलबार-त्रावणकोरच्या जंगलांवर नेमले आणि सागावर कंपनीचा हक्क बसवला. जंगलाचे मालक आणि शेतकरी आपल्याच रानातले झाड तोडायला मोताद झाले. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर मन्रो साहेब यांनी ते पदच रद्द केले. ‘मिंडेन’ बांधले गेले तेही याच वर्षांत. जहाजाचे कौतुक करताना ही रानेही आठवायला हवीत.

चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज जुन्या गोदीत मावणारे नव्हते. म्हणून गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात, मुंबई इंजिनियर्सच्या कॅप्टन विल्यम कूपर यांच्या आराखड्याप्रमाणे नवी गोदी खोदली. तिला डंकन यांचेच नाव मिळाले आणि १८१० मध्ये ती पुरी झाली. सुक्या गोदीत बांधलेले जहाज उतारावरून घसरवावे लागत नाही. मोठ्या भरतीचा दिवस धरायचा, दारे उघडायची, आणि पाणी स्वतःच त्याला उचलते. मुंबईची भरती यासाठी अगदी सोयीची. कणा बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याची पारशी पद्धत होती. मोठमोठ्या जहाजांच्या वेळी ती साग्रसंगीत पाळली जाई. १९ जून १८१० रोजी, मृगाच्या पावसात, ‘मिंडेन’ डंकन गोदीतून तरंगत बाहेर आले. ब्रिटनबाहेर बांधलेले ब्रिटिश आरमाराचे हे पहिले मोठे लढाऊ जहाज होते, आणि ‘बॉम्बे कुरिअर’नेही ती गोष्ट मोठ्या अभिमानाने छापली.

लढाईची वर्षे थोडक्यात सांगता येतील. १८११ च्या जावा बेटावरच्या मोहिमेत ‘मिंडेन’ होते. तिथे त्याच्यावरच्या एडमंड लायन्स या तरुण लेफ्टनंटने जेमतेम पस्तीस माणसांनिशी रात्री मरॅकचा किल्ला घेतला. हाच लायन्स पुढे क्रिमियाच्या युद्धात अॅडमिरल होता. २७ ऑगस्ट १८१६ रोजी अल्जियर्सवर जो भडिमार झाला त्यातही ‘मिंडेन’च्या तोफा होत्या, त्या मोहिमेने बाराशेहून अधिक गुलाम सुटले. सागाच्या ढलप्या लागल्या तर जखम चिघळते, असा खलाशांमध्ये समज होता आणि त्यामुळे काही जण मुंबईच्या जहाजांना बिचकत. अधिकाऱ्यांचे मत मात्र बदलले नाही.

मग युद्धे संपली. शांततेच्या काळात चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज म्हणजे मोठा खर्च. त्यावर सहाशेच्या आसपास माणसे लागत, आणि त्यांचे खाणेपिणे, पगार, दोर, शिडे हे वेगळेच. अनेक जहाजे इंग्लंडच्या बंदरांत छप्पर घालून बांधून ठेवली गेली. ओकची कितीतरी जहाजे अशी उभ्या उभ्या कुजून मोडीत निघाली. ‘मिंडेन’ तिशी ओलांडूनही उपयोगाचे राहिले होते, आणि १८४१ मध्ये त्याला पुन्हा पूर्वेकडे जायचा हुकूम झाला.

या हुकमामागचे युद्ध अफूचे होते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. मुंबईतल्या अनेक घराण्यांची संपत्ती त्यातून उभी राहिली आणि तिच्यातून पुढे दवाखाने, शाळा आणि धर्मशाळाही निघाल्या. चीनने ती अफू अडवली म्हणून तोफा चालल्या. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला ते ‘कॉर्नवॉलिस’, तेही जमशेटजींचेच. मुंबईच्या गोदीचे नाव जगाच्या इतिहासात ज्या प्रसंगी सर्वांत ठळक उमटले तो प्रसंग असा अन्यायाचा होता. सुतारांच्या कसबाचा मान राखूनच हे म्हणायचे आहे.

हाँगकाँग बेट इंग्रजांनी जानेवारी १८४१ मध्ये घेतले. त्याच वर्षी जुलैत पाच दिवसांच्या अंतराने दोन तुफाने आली आणि किनाऱ्यावरच्या चटयांच्या, बांबूंच्या झोपड्या उडून गेल्या. रुग्णांसाठी उभारलेला आसराही त्यांत गेला. तापाने माणसे पटापट मरत होती. अशा जागी भिंती बांधेपर्यंत थांबण्यापेक्षा जहाजच दवाखाना करावे, असे ठरले. ‘मिंडेन’ प्लिमथला सजवून १८४२ मध्ये हाँगकाँगला आणले. १८४६ मध्ये दवाखान्याचे काम ‘अॅलिगेटर’कडे गेले. हेही हिंदुस्थानातच, कोचीनला बांधलेले. त्यानंतर ‘मिंडेन’ आरमाराचे कोठीचे जहाज झाले आणि अखेरपर्यंत तेच राहिले.

कोठीचे जहाज कशासाठी, हे समजायला अंतर डोळ्यांपुढे आणावे लागते. इंग्लंडहून केपला वळसा घालून हाँगकाँगला शिडाचे जहाज पोचायला चार-पाच महिने लागत. मागणीचे पत्र जायचे, माल यायचा, म्हणजे वर्ष सहज गेले. दरम्यान चीनच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या आरमारी जहाजाचा दोर तुटणार, शीड फाटणार, नांगर हरवणार, आणि माणसे रोज जेवणार. जवळच्या जुन्या गोद्या म्हणजे लंकेतले त्रिंकोमाली आणि मुंबई, त्याही आठवडे-महिन्यांच्या अंतरावर. तेव्हा सहा महिने-वर्षभराचा साठा तिथेच हाताशी हवा. नव्या वसाहतीत पक्की वखार नव्हती, जमीन दमट, वाळवी आणि चोरी यांचे भय. सतराशे टनांहून मोठे, तीन-चार मजल्यांचे, सागाचे जहाज त्यापेक्षा कधीही बरे. मागणी करणारे जहाज थेट शेजारी येऊन लागते आणि माल कप्प्यांनी उचलून इकडून तिकडे जातो. भारवाहू हमालांची रांग लागत नाही.

असे जहाज दुरून पाहिले तर ओळखू येत नसे. डोलकाठ्या खालच्या तुकड्यापर्यंत कापलेल्या, वरच्या डेकवर घरासारखे छप्पर, आणि तोफांच्या झरोक्यांना उजेड-वाऱ्यासाठी खिडक्या. हुकमत कॅप्टनाऐवजी मास्टरची, म्हणजे नौकानयनातल्या मुरब्बी माणसाची. सहाशेच्या जागी माणसे थोडकी.

आत मात्र दुनियाभरचा माल. तळाशी खारवलेल्या गोमांसाची आणि डुकराच्या मांसाची पिंपे. त्यातले मिठाचे पाणी आटले तर मांस सडते, म्हणून ती वरचेवर तपासून पाणी भरावे लागे. त्यांच्यावर वाटाणे, ओटचे पीठ, मैदा, साखर, कोको, चहा, व्हिनेगर, स्कर्व्हीवर लिंबाचा रस. रमची पिंपे कुलपाआड. खलाशाला दर दिवशी एक पौंड बिस्किट मिळे. हे बिस्किट म्हणजे विटेसारखा कडक पाव. हाँगकाँगच्या दमट उन्हाळ्यात त्याला किडा लागायला वेळ लागत नसे, त्यामुळे कोरड्या हवेच्या दिवसांत पोती बाहेर काढून वारा द्यायचा. एका बाजूला दोरखंड, काथ्याचे आणि तागाचे वेगळे; दुसरीकडे शिडाचे कापड, डांबर, खिळे, तांब्याचे पत्रे, सुटी लाकडे, नांगर आणि साखळ्या. आणि तयार कपडे, बूट, साबण, तंबाखू. इंग्लंडच्या साध्या खलाशाला १८५७ पर्यंत सरकारी गणवेशच नव्हता. पगारातून वळते करून तो या कोठीतला कपडा घेई. बारूद मात्र वेगळे आणि दूर ठेवायचे.

कामाची रीत आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कोठीच्या माणसाला चटकन उमजेल. मागणीपत्रावर जहाजाच्या कॅप्टनची सही, मग त्या ठाण्यावरच्या वरिष्ठाची मंजुरी, मग आवक-जावक वहीत नोंद, मग माल. पिंप रिकामे झाले की ते टाकून द्यायचे नाही. पट्ट्या काढून फळ्या बांधून परत आणायच्या, कारण पुढच्या खेपेला पिंपगार त्याच फळ्या जोडणार. माल बिघडल्याची शंका आली तर कोठीच्या माणसाच्या शब्दावर तो रद्द होत नसे. दुसऱ्या जहाजांचे अधिकारी येऊन पाहणी करीत, कागद करीत, आणि मगच तो समुद्रात जाई. वर्षाच्या शेवटी प्रत्येक दोराचा हिशेब. हे काम रटाळ आहे, आणि त्यात कुणाला पदक मिळत नाही. पण यातली एक नोंद चुकली तर शेकडो मैलांवर कुणा जहाजाला वादळात हवा तो दोर मिळणार नाही, याची जाण ठेवून ते रोज करावे लागे. तोफांच्या लढायांची वर्णने करणाऱ्या इतिहासकारांनी कोठीच्या या माणसांकडे पुरेसे पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

‘मिंडेन’ एका जागी उभे होते, तरी काळ त्याच्या कोठीतून पुढे सरकत होता. खलाशाची रोजची रम १८२४ मध्ये निम्मी झाली होती. १८५० मध्ये ती पुन्हा निम्मी झाली आणि तिच्या बदल्यात दुसरे खाणे वाढले. १८४७ पासून आरमारात डब्यातले मांस सर्रास सुरू झाले. पाच वर्षांत त्याचा मोठा गवगवा झाला: जानेवारी १८५२ मध्ये इंग्लंडात गॉस्पोर्टच्या कोठारात गोल्डनर या कंत्राटदाराचे डबे फोडले तेव्हा बहुतेक सडलेले निघाले. झाकलेल्या डब्यावर विश्वास ठेवायचा की पिंपात नाक घालून पाहता येते त्या खाऱ्या मांसावर, हा प्रश्न प्रत्येक आरमारी कोठीपुढे उभा राहिला. आणि सर्वांत मोठा बदल वाफेचा. वाफेच्या जहाजाला दोरापेक्षा कोळसा जास्त लागतो.

कोळशाची ही ओढ मुंबईने आधीच अनुभवली होती. जमशेटजींचे पुत्र नवरोजी यांनी बांधलेले ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझकडे निघाले. त्यात साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी मूळ आखणी होती आणि एडनला पोचायला लागले अकरा दिवस. कोठड्या, मोकळ्या जागा, मिळेल तिथे कोळसा भरला, तेव्हा कुठे जहाज एडन गाठू शकले. तिथे पुढचा कोळसा दुसऱ्या जहाजाने आधीच नेऊन ठेवलेला होता. वाफेची वाहतूक उभी राहिली ती अशा मागे-पुढे माल पोचवणाऱ्या साध्या जहाजांच्या आधारावर.

१८५६ मध्ये चीनशी दुसरे युद्ध पेटले तेव्हा हाँगकाँगला आरमाराची गर्दी झाली. तोवर ‘मिंडेन’ सेहेचाळीस वर्षांचे होते. युद्ध १८६० मध्ये संपले. हाँगकाँगच्या किनाऱ्यावर आता पक्क्या वखारी आणि आरमाराची स्वतःची गोदी आली होती, आणि पाण्यावरच्या कोठीची गरज उरली नव्हती. १८६१ मध्ये ‘मिंडेन’ तिथेच मोडीत विकले गेले. पाण्यात उतरल्यापासून एक्कावन्न वर्षांनी. त्यातली लढाऊ वर्षे थोडी. शेवटची एकोणीस वर्षे दवाखान्याची आणि कोठीची. हाँगकाँगच्या चिम शा चुई भागात ‘मिंडेन रो’ आणि ‘मिंडेन अॅव्हेन्यू’ असे दोन रस्ते त्याच्या नावाचे आहेत.

आता यादी त्याच रीतीने पुढे नेता येईल. ‘मेलव्हिल’ १८५७ पासून हाँगकाँगला दवाखान्याचे जहाज होते आणि १८७३ मध्ये विकले गेले. त्याच्या जागी आलेले ‘मियानी’ हेही मुंबईचेच, १८४८ चे, आणि ते १९०६ पर्यंत टिकले. ‘मलबार’ पोर्ट्समथला कोळशाची वखार झाले, त्याचे नाव बदलून ‘मर्टल’ ठेवले, आणि १९०५ मध्ये ते विकले गेले. मस्कतच्या इमामासाठी १८२६ मध्ये बांधलेले ‘लिव्हरपूल’ इमामाने इंग्लंडच्या राजाला भेट दिले आणि ते ‘इमाम’ या नावाने जमेकाच्या बंदरात उभे राहिले. ‘गँजिस’वर १८६६ पासून मुलांना खलाशीपण शिकवले जाई, ते १९३० मध्ये मोडले. ‘वेलस्ली’ही असेच शिक्षणाचे जहाज झाले आणि १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबने थेम्स नदीत बुडाले. सव्वाशे वर्षांच्या त्या जहाजाची लाकडे लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीला वापरली गेली.

‘त्रिंकोमाली’ मात्र अजून आहे. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते मुंबईत पाण्यात उतरले. त्याचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज आधी १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडले होते, म्हणून कामाला उशीर झाला. इंग्लंडला पोचल्यावर ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ छपराखाली पडून होते. मग पॅसिफिकची सफर, मग शिक्षणाचे जहाज, मग १८९७ मध्ये विक्री आणि ‘फूड्रॉयां’ हे नवे नाव. १९८७ पासून हार्टलपूलला त्याची दुरुस्ती झाली आणि जुने नाव परत मिळाले. ब्रिटनचे पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने लढाऊ जहाज म्हणून ते आज लोकांना पाहायला मिळते.

गोदीत वाडियांची परंपरा १८८४ पर्यंत चालली. जमशेटजी १८२१ मध्ये वारले. त्यांच्यामागे नवरोजी जमशेटजी, मग कर्सेटजी रुस्तमजी, जहांगीर नवरोजी आणि शेवटचे जमशेटजी धनजीभाई. लोखंडी जहाजे आली आणि मुख्य बांधणीकाराचे पद संपले. जुनी बॉम्बे डॉक आणि डंकन डॉक या दोन्ही नौदलाच्या गोदीत अजून वापरात आहेत.